केशऱ्यासाठी घेतलेला 12 बाटल्यांचा वाइन कूलर: दोन महिन्यांचा अनुभव

आमच्या घरात वाइन कोणी पीत नाही. हा कूलर घेतला तो केशऱ्यासाठी. केशऱ्या म्हणजे आमचा कॉर्न स्नेक जातीचा साप. नर, सहा वर्षांचा, चार फुटांहून थोडा जास्त लांब. लेक शिकायला पुण्याला गेला तेव्हापासून त्याचं सगळं मीच बघते.

ठाण्यातल्या थंडीची अडचण अशी की ती धड थंडी नाही. आम्ही वर्तकनगरला राहतो. जानेवारीत मागच्या खोलीत पहाटे 22 अंश असतात आणि दुपारी 29. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तिकडे हिवाळ्यात तो बिळात, कुजक्या ओंडक्याखाली महिनोन्महिने गपगार पडून राहतो. आमचा केशऱ्या नोव्हेंबर संपता संपता उंदराकडे पाठ फिरवतो, पण अंग गरम असल्यामुळे टाकीभर हिंडत राहतो. खाणं बंद आणि खर्च चालू. मागच्या हिवाळ्यात तो 488 ग्रॅमवरून 431 वर आला, म्हणजे जवळजवळ 12 टक्के वजन गेलं. पाठीचा कणा हाताला लागायला लागला, तेव्हा मला रात्री झोप यायची नाही.

विदेशी प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की एक तर हिवाळाभर ऊब पक्की ठेवा, नाही तर नीट गार करा, मधल्या मध्ये ठेवू नका. ऊब देऊन आम्ही दोन हिवाळे पाहिले होते. हीट मॅट (टाकीला ऊब देणारी विजेची चटई), तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट, गरम बाजू 30 वर, सगळं केलं. तरी हा नर खात नव्हता. म्हणून या वेळी गार करायचं ठरवलं. घरच्या फ्रिजचा प्रश्नच नव्हता. तिथे 4 अंश असतात, आणि सापाला 12 ते 15 हवेत. शिवाय आईंनी (माझ्या सासूबाईंनी) बजावलं होतं, ‘कोथिंबिरीशेजारी मी त्याला ठेवू देणार नाही.’

कूलर ऑनलाइन घेतला, 11,400 रुपयांना. कंप्रेसर नसलेला, पेल्टियरचा, म्हणजे वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणाऱ्या चकतीवर चालणारा. हाच का? कंप्रेसर थरथरतो आणि साप ती थरथर अख्ख्या अंगाने ऐकतो. याला फक्त पंख्याचा बारीक आवाज आहे. आतल्या जाळ्या काढल्या की साधारण बुटांच्या खोक्याएवढा झाकणाचा डबा बसतो. डब्याला भोकं पाडली, खाली कागद अंथरला, पाण्याची जड वाटी ठेवली. आतला दिवा बंद केला आणि काचेच्या दारावर जुन्या काळ्या परकराचं कापड लावलं.

आता यंत्राबद्दल. दारावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तो 12 दाखवायचा तेव्हा डब्यातला माझ्या थर्मामीटरचा प्रोब दुपारी 15.8 दाखवायचा आणि पहाटे 12.5. पेल्टियरचं कामच तसं आहे. तो खोलीच्या मानाने गार करतो, ठरलेल्या आकड्यापर्यंत नाही. आमच्याकडे फरक साधारण 13 अंशांचा पडला. दिवसरात्रीचा हा चढउतार मोडायला मी आत पाण्याच्या दोन लिटरच्या दोन बाटल्या ठेवल्या आणि कूलर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागची गरम हवा निघून जावी म्हणून. त्यानंतर तापमान 13.5 ते 15 मध्ये राहू लागलं. खालचा कप्पा वरच्यापेक्षा दोन अंशांनी गार असतो, म्हणून प्रोब डब्यातच हवा, कूलरच्या छताला नाही.

दुसरी खोट जास्त गंभीर आहे. वीज गेली की पेल्टियर नुसता थांबत नाही, मागची ऊष्णता उलट आत येते. जानेवारीत एकदा साडेतीन तास वीज नव्हती. 14 वरून 19 झाले, आणि तेही बाटल्या आत असताना. वीज परत आल्यावर यंत्राने माझी सेटिंग विसरून स्वतःचीच सर्वांत खालची पकडली. त्या दिवशी मी लॅबमधून दुपारी घरी आले म्हणून कळलं. नंतर अलार्मवाला वेगळा डिजिटल कंट्रोलर जोडला. तो नसेल तर हे यंत्र सापासाठी घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट हवेची. दाराचा रबर इतका घट्ट आहे की आतली हवा बदलत नाही. सकाळ-संध्याकाळ मी दार उघडून वर्तमानपत्राने वारा घालायचे आणि पाणी बदलायचे. गार पत्र्यावर दव धरतं. चारपाच दिवसांनी तळाला पाणी साचायचं, ते फडक्याने टिपावं लागायचं. ओल्या गारठ्यात सापाच्या फुप्फुसाला जंतुसंसर्ग होतो. तोंड उघडं ठेवणं, नाकाशी बुडबुडे, श्वासाला घरघर, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हळूहळू ऊब देऊन डॉक्टरकडे जायचं.

यंत्राआधीची तयारी यंत्रापेक्षा महत्त्वाची, म्हणून तीही सांगते. आधी डॉक्टरांकडे तोंड, श्वास आणि विष्ठा तपासून घेतली. रोज मी रुग्णांच्या हातात जी नमुन्याची डबी देते, तशाच डबीतून केशऱ्याचा नमुना नेला. कृमी नव्हते. शेवटचा उंदीर 30 नोव्हेंबरला. त्यानंतर तीन आठवडे उपास, पण ऊब नेहमीचीच, पोट पूर्ण रिकामं होईपर्यंत. पोटात अन्न असताना साप गार केला तर ते पचत नाही, आतच कुजतं आणि साप मरू शकतो. 21 डिसेंबरला मॅट बंद केली, 24 ला त्याला कूलरमध्ये 18 वर ठेवलं, आणि दर दोन दिवसांनी एकेक अंश उतरवत नवीन वर्षाच्या सुरुवातीला 14 वर आणलं.

संक्रांतीच्या दिवशी आईंनी तिळगूळ देता देता विचारलं, ‘तो जिवंत आहे ना गं?’ मी डबा काढून दाखवला. त्याने संथपणे जीभ बाहेर काढली, दोनदा. आई तिथेच खुर्ची ओढून बसल्या. त्यानंतर रविवारी वजन करायचं असलं की काट्याजवळ आधी त्याच येऊन थांबायच्या.

फेब्रुवारीच्या मध्याला खोली 32 वर गेली आणि कूलरने हात टेकले. प्रोब 18 दाखवू लागला. बरोबर आठ आठवडे झाले होते, म्हणून 18 तारखेपासून त्याला बाहेरच्या हवेत आणायला सुरुवात केली. ठाण्यात यापेक्षा जास्त दिवस या यंत्राकडून मागू नका. वजन 492 वरून 479. तेरा ग्रॅम. मी तीनदा मोजलं.

हे सगळ्यांसाठी नाही. पिल्लू, हडकलेला साप, नुकताच घरी आणलेला साप यांना गार करू नये. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, त्याला असली थंडी सोसत नाही. (तो सायटीसच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, तेव्हा त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केलीय ना, तेही बघा.) आणि तुमचा कॉर्न स्नेक हिवाळ्यात नीट खात असेल, तर कूलर घेऊच नका. चांगला थर्मोस्टॅट घ्या, तो याच्या पाव किमतीत येतो. येऊरच्या जंगलाच्या बाजूने सोसायटीत धामण आली आणि गारठ्यात सुस्त दिसली म्हणून कोणी तिला डब्यात ठेवायला जाऊ नये. आपले देशी साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या 1926 वर फोन करा.

पाचपैकी तीन तारे देते. आवाज नाही, आकार बरोबर. दोन तारे कापले ते खोट्या आकड्यासाठी आणि विसरभोळ्या सेटिंगसाठी. पुढच्या डिसेंबरलाही हाच वापरणार आहे, फक्त छोटा इन्व्हर्टर जोडून.

27 फेब्रुवारीला त्याला नेहमीपेक्षा लहान उंदीर दिला, कोमट पाण्यात वितळवून. चिमट्याने टाकीत सोडला आणि मी मागे सरकले. त्याने लगेच धरला. आईंनी पुण्याला फोन लावून दिला आणि म्हणाल्या, ‘तूच सांग त्याला.’