नदीकाठची मोकळी जागा बघताय? आधी गूगल अर्थ प्रोमधे ती जागा उघडा (५ पैकी ४ स्टार)

गळ घेऊन नदीवर जाणाऱ्या माणसाच्या मनात कधी ना कधी येतंच की इथेच काठाला एखादा मोकळा तुकडा घ्यावा. मी दोन वर्षं शोधत होतो आणि एक जागा जवळजवळ फायनल केली होती, नदीचं मोठं वळण, बाहेरच्या काठाला खोल डोह, आणि पहिल्याच संध्याकाळी तीन मासे लागले, मग काय, मन तिथेच अडकलं. एजंट म्हणाला काठ पक्का आहे, काळजीच नको. रात्री घरी येऊन कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो (जमिनीची वरून घेतलेली नवी-जुनी चित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं, वरच्या पट्टीतलं घड्याळाचं चिन्ह दाबून जुनी चित्रं मागे मागे नेत गेलो आणि पोटात गोळाच आला. जागेत एक मोठं झाड आहे, तिथपासून पाण्यापर्यंतचं अंतर त्यातल्याच रूलरने जुन्या चित्रात मोजलं, मग नव्यात मोजलं, तर ११ वर्षांत नदीने १४ मीटर काठ खाल्ला होता!

वळणावर जोराची धार बाहेरच्या काठाला घासते, खालून माती पोखरते, वरची दरड कोसळते, आणि आतल्या काठाला रेती साठत जाते. म्हणजे जो डोह बघून आपण जागेच्या प्रेमात पडतो तो डोहच ती जागा गिळत असतो. गळ टाकताना हे आपल्याला पाठ असतं, जागा बघताना मात्र आठवत नाही.

प्रो व्हर्जन २०१५ पासून फुकट आहे. पाणी कमी असतानाची चित्रं बघितली तर रेतीचे पट्टे, खडक, डोह सगळं दिसतं, गळासाठी जागा हेरायला पण फार उपयोगी.

एक स्टार कापला कारण पुराच्या दिवसांत आभाळ ढगाळ, त्यामुळे नेमकं तेव्हाचं स्वच्छ चित्र क्वचितच मिळतं, आणि त्यातले जमिनीच्या उंचीचे आकडे एका छोट्या प्लॉटसाठी धरून चालू नका. पाणी कुठवर चढतं ते जागेवरच बघायचं, झाडाच्या खोडावरची गाळाची रेघ, फांद्यांत अडकलेला कचरा. पूररेषेचा नकाशाही बघा, आणि १०० वर्षांतून एकदा येणारा पूर असं वाचून निवांत होऊ नका, त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, ३० वर्षं तिथे राहिलात तर साधारण २६ टक्के होते.

आता दोन वळणं वर एक जागा बघितलीये, नदी तिथे सरळ वाहते, काठाखाली खडक आहे, सगळ्या चित्रांत काठाची रेघ तिथल्या तिथेच. मासे कमी लागतात, डोहापर्यंत वीस मिनिटं चालावं लागतं. मोजणी झाली की टोकन देणार.