तामियाचं १/३२ स्पिटफायर मार्क ८ : इंजिन उघडं ठेवणार असाल तरच घ्या

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांना पुढचं वाचायला नको. तामिया या जपानी कंपनीचं १/३२ स्केलचं (खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं) स्पिटफायर मार्क ८, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाची आठवी आवृत्ती, हे मी आजवर हातात घेतलेल्यांमधलं सगळ्यात विचार करून बनवलेलं किट (प्लॅस्टिकचे सुटे पार्ट जोडून करायचं मॉडेल) आहे, आणि तरीही सरसकट सगळ्यांनी घ्यावं असं मी म्हणणार नाही. कारण यातले निम्मे पैसे इंजिनात आहेत. इंजिनावरची झाकणं कायमची बंद करून विमान शोकेसमध्ये ठेवणार असाल तर ते पैसे झाकणाखाली गेले, त्यापेक्षा रेव्हेल कंपनीचं १/३२ मधलं मार्क ९ घ्या, बरंच स्वस्त पडतं आणि उरलेल्या पैशात रंग येतील.

नवीन लोकांसाठी स्केलचं गणित : खरं स्पिटफायर साधारण सव्वाअकरा मीटर रुंद, त्याला ३२ ने भागलं की पस्तीस सेंटिमीटर. हेच १/७२ मध्ये साडेपंधरा होतं. म्हणजे नुसतं दुप्पट रुंद नाही, लांबी रुंदी दोन्हीकडून वाढल्यामुळे रंगवायचा पृष्ठभाग पाचपट होतो आणि १/७२ मध्ये जे खपून जातं (जोडाची रेघ, एअरब्रशच्या फवाऱ्यातून उडालेला कण, ब्रशचा फटकारा) ते इथं हातभर लांबून दिसतं. तेव्हा पहिलं किट म्हणून हे घेऊ नका, दोनचार छोटी बनवून मग या.

मार्क ८ च का, ९ का नाही? तामियाचं मार्क ९ आधी आलं, २००९ ला, हे त्याच्या पुढच्या वर्षी. गंमत म्हणजे खऱ्या विमानांचंही तसंच झालं, मार्क ९ घाईघाईत मार्क ५ च्या सांगाड्यावर नवीन इंजिन बसवून १९४२ मध्ये लढाईत उतरवलं आणि नीट बेतून केलेलं मार्क ८ मागाहून १९४३ मध्ये आलं. मार्क ८ ला शेपटीचं चाक आत ओढलं जातं, पंखांच्या पुढच्या कडेत जादा इंधनाच्या टाक्या आहेत, आणि मुख्य म्हणजे हे आपलं विमान आहे. भारतीय हवाई दलाच्या ८ नंबरच्या स्क्वाड्रनला १९४४ मध्ये स्पिटफायर मिळाली ती हीच, आणि ती घेऊन आपले पायलट ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात जे एनएच ६३१ आहे तेही मार्क ८ च. पुढे १९४७-४८ ला काश्मीरमध्ये स्पिटफायर आणि टेम्पेस्ट दोन्ही लढली, त्याच काश्मीरच्या लढाईत आपल्या हृषीकेश मुळगावकरांना महावीरचक्र मिळालं आणि नंतर १९७६ ते ७८ ते हवाई दलप्रमुख होते. एवढं सगळं असताना बॉक्समध्ये भारतीय स्क्वाड्रनच्या खुणा मात्र नाहीत, त्याचं काय करायचं ते खाली सांगतो, पुण्यात त्याचा फार चांगला इलाज आहे.

आता किंमत. पाच आकडी. यात जपानी कंपनीचा दोष कमी आणि आपल्या ड्युटीचा जास्त. असली किटं कस्टमच्या यादीत खेळण्यांमध्ये मोडतात, आणि खेळण्यांवरची ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ७०. लहान मुलांचे खुळखुळे आणि चारशे रुपयांचं रिमोटचं हेलिकॉप्टर यांच्याबरोबर ज्याला पातळ ब्लेड आणि ज्वलनशील ग्लू लागतो ते किट एकाच रांगेत बसवणं मला अजिबात पटत नाही. देशी उद्योगाला संरक्षण द्या की, पण या दर्जाची किटं इथं कोणी बनवतच नाही तर संरक्षण कुणाला? असो. परदेशातून मागवणार असाल तर किटची किंमत नाही, घरात येईपर्यंतची किंमत काढा आणि मग ठरवा.

बॉक्स उघडल्यावर पहिली गोष्ट करा म्हणजे सूचनापुस्तिका आणि सोबतची फोटोंची छोटी पुस्तिका घेऊन एक संध्याकाळ नुसती वाचा. स्प्रू (पार्ट ज्याला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट) कापायची घाई नको. कारण या किटमध्ये चाकं खाली की वर, विमान जमिनीवर की स्टँडवर, याची अदलाबदल नंतरही करता येते आणि त्यासाठी कुठं ग्लू लावायचा नाही हे आधी डोक्यात बसायला हवं. इलेव्हेटर, एलेरॉन, रडर (शेपटी आणि पंखांवरचे हलणारे भाग) धातूच्या बिजागऱ्यांवर हलतात, टायर रबराचे आहेत.

कॉकपिट सुंदर आहे. डायलचे डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) पारदर्शक पार्टच्या मागून बसतात त्यामुळे समोरून बघितलं की खरंच काचेआड काटे आहेत असं वाटतं. एक सांगतो, सीट सरसकट हिरवट राखाडी रंगवू नका. स्पिटफायरची बरीचशी सीट धातूची नव्हती, राळेत दाबून केलेल्या कागदाची होती आणि तिचा रंग लालसर तपकिरी. हिरवट राखाडी कॉकपिटमध्ये तेवढी एक तपकिरी सीट आली की सगळं आतलं जिवंत होतं. पट्टे मी कापडी वेगळे घेतले, या स्केलला पट्टा सीटवर खरा पडायला लागतो, घडी दिसायला लागते.

आणि आता इंजिन. मर्लिन, बारा सिलिंडर, २७ लिटर, मागं दोन टप्प्यांचा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबणारा भाग), त्यामुळेच मार्क ५ पेक्षा नाक लांब झालं. तामियाने हे जोडायचा जो क्रम दिलाय तो बघून मी थक्क झालो, एकेक पार्ट फक्त एकाच पद्धतीने बसेल असा, खाचा इतक्या नेमक्या की ग्लू लावायच्या आधीच तो जागेवर थांबतो. हिरव्या झाकणाच्या बाटलीतला पातळ ग्लू जोडाला नुसता टेकवायचा, तो रेषेतून आपोआप धावतो, बोटाने दाबून धरायचीसुद्धा गरज नाही. पुट्टी संपूर्ण इंजिनाला लागली नाही. ज्यांनी पूर्व युरोपातली जुनी किटं घासून घासून पॉलिश पेपर संपवलेत त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

अडचण एकच, मर्लिन काळं असतं. काळ्या इंजिनावर काळा रंग मारला की सगळी मेहनत कोळशाच्या गोळ्यासारखी दिसते. म्हणून पूर्ण काळा वापरू नका, अगदी गडद राखाडी घ्या, वर ड्रायब्रशने (जवळजवळ कोरड्या ब्रशने) त्याहून एक शेड हलका, नटबोल्टच्या डोक्यांना टोकदार ब्रशने स्टीलचा ठिपका, आणि नळ्यांना वेगवेगळे रंग. नळ्या आणि वायरी मी वाढवल्या, त्यासाठी महागडे सेट मागवायची गरज नाही, तपकीर गल्लीत मोटर वाइंडिंगची तांब्याची तार मिळते, हवी त्या जाडीची, वजनावर, आणि सोल्डरची बारीक तार तर त्याहून मऊ, वळवली की वळलेलीच राहते. ०.४ मिमी या स्केलला बरोबर वाटते, त्याहून जाड घेतली की पाइप बागेतला वाटायला लागतो.

काउलिंगची, म्हणजे इंजिनावरची, झाकणं लोहचुंबकावर बसतात, काढा घाला, कितीही वेळा. ही या किटची शान आहे आणि इथंच सगळ्यात जास्त सांभाळायचं आहे. झाकणं इतकी काटेकोर आहेत की रंगाच्या थरालासुद्धा जागा ठेवलेली नाही. प्रायमर, रंग, ग्लॉस, मॅट असे चार थर कडेवर चढले की झाकण शेवटचा केसभर बसत नाही आणि बाजूने बघितलं की फट दिसते. त्यामुळे कडा आणि आतली बाजू टेपने झाका, बाहेरून पातळ थर द्या, आणि प्रत्येक थरानंतर झाकण लावून बघा. नख कडेवरून फिरवलं की रंगाचा काठ लागतो, तो दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर ओला करून त्याने काढा. उत्तर-दक्षिण जुळतंय ना ते चुंबक चिकटवायच्या आधी बघा, नंतर तो निघत नाही.

रंगाबद्दल पुणेकरांसाठी खास. लॅकर रंग जून ते सप्टेंबर मारू नका. हवेतला ओलावा रंगात अडकतो आणि पृष्ठभाग दुधाळ होतो, कॉम्प्रेसरला ओलावा धरणारा फिल्टर लावला तरी खोलीतल्या हवेचं काय करणार. पावसाळ्यात कॉकपिट, इंजिन, जोडकाम उरका, दिवाळीनंतर बाहेरचा रंग घ्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्यासारखी हवा एअरब्रशला दुसरी नाही. एप्रिल-मे मध्ये उलटा त्रास, रंग नोझलच्या टोकावरच वाळतो, तेव्हा रिटार्डर (रंग उशिरा वाळवणारं द्रव) टाका किंवा पहाटे बसा. बोहरी आळीतलं एनसी थिनर एअरब्रश धुवायला उत्तम आणि फार स्वस्त, पण ते रंगात मिसळू नका, प्लॅस्टिक खातं.

आता त्या भारतीय खुणा. दक्षिण-पूर्व आशियातल्या मित्रराष्ट्रांच्या विमानांवरच्या गोलातला लाल रंग काढून टाकला होता, कारण जपानी विमानावर लाल गोळा, आणि घाईत नजरेला लाल दिसलं की आपलंच विमान पाडायची भीती. म्हणून गडद निळं वर्तुळ आणि आत फिकट निळा ठिपका, शिवाय ओळखीसाठी पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे. या खुणांना डेकल शोधत बसायची गरजच नाही, मास्क करून (खुणेच्या आकारात कापलेलं चिकट स्टेन्सिल लावून) रंगवा. नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मध्येमध्ये नंबरप्लेट आणि रेडियमवाले आहेत, त्यांच्याकडे प्लॉटर (विनाइल कापायचं मशीन) असतो. सोळा इंची खूण ३२ ने भागली की १२.७ मिमी, फाइल घरी करून न्यायची आणि त्यांना सांगायचं की सगळ्यात पातळ विनाइल लावा आणि ब्लेडचा दाब कमी ठेवा. मी ज्यांच्याकडे गेलो त्या काकांनी आधी विचारलं, "एवढं बारीक कुठल्या गाडीला लावताय?" विमानाला म्हटल्यावर त्यांनी जास्तीचे पैसे न घेता दोनदा कापून दिलं, एक बिघडलं तर असावं म्हणून.

रेडियमचा गोंद मात्र गाडीसाठी असतो, तो सरळ लावला तर उचलताना खालचा रंग घेऊन येतो. मास्क आधी तळहातावर दोनतीनदा चिकटवून काढा म्हणजे गोंद मरतो. मग लावा, कड काडीने दाबा, आधी खालचाच रंग एक हलका फवारा म्हणजे कडेच्या फटी बुजतात, त्यावर निळा. रंग पूर्ण कडक व्हायच्या आत मास्क काढा, आणि काढताना वर नाही ओढायचा, स्वतःवरच मागे दुमडत न्यायचा. अशी खूण पॅनलच्या रेषांमध्ये उतरलेली दिसते, रिव्हेटचे खड्डे रंगाखालून तसेच राहतात. तामियाचे डेकल नेमके छापलेले असतात पण थोडे जाड, सॉफ्टनर (डेकल मऊ करणारं द्रव) लावला तरी मोठी खूण बघताना ती वरून चिकटवल्यासारखी दिसते. रंगवलेलं दिसतं ते रंगवलेलंच.

वॉशसाठी (खाचांमध्ये उतरवायच्या पातळ गडद रंगासाठी) अप्पा बळवंत चौकात मिळणारे कॅमलचे ऑइल कलर मला पुरतात, बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा, पातळ टर्पेंटाइनमध्ये, ग्लॉस कोटवरच. आणि वापरलेलं दिसावं म्हणून विमान मळवायच्या आधी घोरपडीच्या युद्धस्मारकात जाऊन तिथलं मिग-२३ जवळून बघून या. वरच्या बाजूचा रंग उन्हाने कसा फिका पडतो, जोडातून खाली ओघळ कसे येतात ते फोटोत कळत नाही. फक्त लक्षात ठेवा की ते विमान एकाच जागी उभं असतं आणि ब्रह्मदेशातलं स्पिटफायर रोज उडत होतं, त्यामुळे ओघळ सरळ खाली नाही, वाऱ्याच्या दिशेने मागे जाणारे हवेत, आणि पंखाच्या मुळाशी, जिथं मेकॅनिक चढतो तिथं, रंग बुटांनी घासलेला.

कुणी घ्यावं? ज्यांना जोडण्यापेक्षा रंगवण्यात जास्त वेळ घालवायचा आहे त्यांनी डोळे झाकून. एअरफिक्स कंपनीचं १/२४ मधलं मार्क ९ (२०२२ चं) त्याहून मोठं आहे आणि त्याला स्वतःचा रुबाब आहे, पण जागा बघा, ते जवळजवळ ४७ सेंटिमीटर रुंद होतं आणि पुण्याच्या टू बीएचकेत तेवढं कपाट सगळ्यांकडे मोकळं नसतं. मला तामियाचा नेमकेपणा जास्त आवडला, आणि पुढचंही याच मालिकेतलं घेणार आहे.

मास्कची फाइल मी मिलिमीटरमध्ये करून ठेवली आहे, गोल आणि पांढरे पट्टे दोन्ही. कुणाला हवी असेल तर मेसेज करा, आणि प्लॉटरवाल्याकडे जाताना उरलेल्या विनाइलवर आधी एकच गोल कापून बघा, सगळं शीट एकदम घालू नका.