दहा महिने कोळशाच्या बार्बेक्यूसोबत: पैसे झाकणाचे मोजले

कोजागिरीच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे कोळशाचा बार्बेक्यू आला. आता श्रावण चालू आहे, म्हणजे दहा महिने झाले. थंडीत आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळी आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा तो पेटला. घेण्याआधी मी बरेच अभिप्राय वाचले होते, पण बहुतेक खोकं उघडल्याच्या दिवशी लिहिलेले. एक पावसाळा काढल्यावर वस्तूचं काय होतं, हे कोणी सांगत नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही नाशिकला रो हाऊसमध्ये राहतो. गच्ची तीन बाजूंनी उघडी. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. माझं माहेर जळगाव जिल्ह्यातलं, त्यामुळे निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याची ओढ लहानपणापासूनची. खरं तर या खरेदीचं मूळ तिथेच आहे, चिकन-मटण नंतर आलं.

याआधी आमच्याकडे पत्र्याचा, पाय दुमडणारा, चौकोनी आणि बिनझाकणाचा बार्बेक्यू होता. तीन वर्षं त्याच्याशी झगडले. टांगडी बाहेरून काळी व्हायची आणि हाडाशी कच्ची राहायची. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की भडका उडायचा, तो शमवायला पाणी शिंपडायचं, मग राख उडून खाण्यावर बसायची. दुसऱ्या वर्षी तळाचा पत्रा वाकला आणि रंगाचे पोपडे निघाले. तेव्हा मी मसाल्याला दोष देत होते, कधी स्वतःच्या हाताला. आता कळतं की उघड्या शेगडीत धग फक्त खालून येते आणि ती कमी-जास्त करायची सोयच नसते. पापड, कणीस, पातळ कबाब यांना ती पुरते. जाड तुकड्याला नाही.

नवीन घेताना म्हणूनच मी सगळ्यात आधी झाकण पाहिलं. आमचा बार्बेक्यू गोल, घुमटासारख्या झाकणाचा, 57 सेंटिमीटर व्यासाचा आहे. या आकाराची गोष्ट मला फार आवडते. शिकागोत पाण्यावर तरंगणारे बोये बनवणाऱ्या एका धातुकाम कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ कामाला होते. वारा आणि राख यांनी बेजार होऊन 1952 साली त्यांनी धातूचा तसला गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. आज कितीतरी कंपन्या हाच आकार बनवतात.

दुकानात गेलात तर झाकण लावून बघा. कडेनं सगळीकडे सारखं बसलं पाहिजे, डुगडुगता कामा नये. वर आणि खाली हवेची झडप हवी, आणि ती हातानं अलगद फिरली पाहिजे. मग पत्र्याची जाडी. झाकण उचलून पाहिलं की हाताला वजन कळतंच. आतबाहेर एनॅमलचा मुलामा असेल तर उत्तम. जुन्या घरांत निळ्या काठाची पांढरी ताटं असायची ना, तोच हा मुलामा. रंग उष्णतेनं जळतो, हा जळत नाही. मात्र आपटला तर टवका उडतो आणि तिथून गंज शिरतो. तापलेल्या झाकणावर थंड पाणी ओतलं तर तडकूही शकतो. जाळीच्या सळया जाड असाव्यात आणि जाळीच्या दोन बाजू उचलता याव्यात, म्हणजे मध्येच कोळसा घालता येतो. किंमत वीस हजारांच्या वर गेली. घरात त्यावर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. याच आकाराचा लहान, 47 सेंटिमीटरचाही होता. पाच माणसांना तो पुरला असता. पण अर्धी जागा निखाऱ्याविना मोकळी ठेवावी लागते हे माहीत होतं, म्हणून मोठा घेतला. हा निर्णय बरोबर ठरला.

कोजागिरीला पहिल्यांदा पेटवला तेव्हा मसाला दूध त्याच्यावरच आटवलं. ते जमलं. पनीर मात्र करपलं, कारण मी जुन्या सवयीनं तळभर कोळसा पसरला होता. हवा आवरायला शिकेपर्यंत महिना गेला. विस्तव कोळशाच्या प्रमाणापेक्षा हवेच्या प्रमाणावर चालतो. खालची झडप पूर्ण उघडी ठेवली की निखारे फुलतात, झाकणाखाली 250 अंशांच्या वर जातं. अर्धी मिटली की दहा-पंधरा मिनिटांत उतरायला लागतं. दोन्ही झडपा बंद केल्या की निखारे गुदमरून विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो. जुन्या बार्बेक्यूत तो सगळा जळून राख व्हायचा.

निखारे एका बाजूला लोटायचे, दुसरी बाजू रिकामी ठेवायची. आधी निखाऱ्यावर दोन्हीकडून खरपूस रंग आणायचा, मग तुकडे रिकाम्या बाजूला सरकवून झाकण लावायचं. झाकणाची वरची झडप खाण्याच्या डोक्यावर येईल अशी फिरवायची, म्हणजे धूर आणि गरम हवा खाण्यावरून जाऊन बाहेर पडते. भडका उडाला तर झाकण घालायचं, हवा तुटली की तो आपोआप बसतो. पाणी शिंपडणं मी सोडलं.

कोळशाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण निम्मी चव तिथे ठरते. सुरुवातीला वखारीतून लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसा आणला, आमचा इस्त्रीवाला जिथून नेतो तिथूनच. लवकर पेटतो, धग जोरदार, वासही छान. पण तुकडे लहानमोठे, चुरा खूप, ठिणग्या उडतात आणि मध्येच एखादा अर्धवट भाजलेला लाकडाचा तुकडा निघतो. त्याचा धूर डोळ्यांत जातो आणि खाण्याला कडवट वास लागतो. तो आधीच निवडून काढायचा. आत काळा-चकचकीत नसून तपकिरी दिसतो, वजनालाही जड असतो. नंतर नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या विटा घेतल्या. पेटायला वेळ घेतात, पण धूर अगदी कमी आणि तासाच्या वर सारखी आच. आता भरीत, मासे, कणीस अशा झटपट कामाला लोणारी, आणि अख्खी कोंबडी किंवा मटणाला करवंटीचा, अशी वाटणी झाली आहे. रसायन लावलेला, काडी ओढताच पेटणारा कोळसा एकदा आणला होता. त्याचा वास पावालासुद्धा लागला. रॉकेल, स्पिरिट यांचंही तेच.

पेटवायला चिमणी घ्याच. खाली भोकं असलेलं पत्र्याचं नळकांडं, बाजूला मूठ. तळाशी वर्तमानपत्राचे दोन बोळे, वर कोळसा. गरम हवा वर जाते आणि खालून गार हवा ओढली जाते, त्यामुळे फुंकणी लागत नाही की पुठ्ठ्यानं वारा घालावा लागत नाही. लोणारी कोळसा पंधरा मिनिटांत तयार होतो, करवंटीच्या विटांना वीस-पंचवीस लागतात. वरच्या तुकड्यांवर राखेची पांढरी साय धरली की ओतायचं. त्याआधी ओतलं तर धुराचा वास लागतो.

आता भरीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मोठं, फिकट हिरवं, बी कमी असलेलं हे वांगं आमच्याकडे शेतात कापसाच्या काड्यांवर भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, हे मी लग्न झाल्यापासून सांगत होते आणि इथे कोणाला पटत नव्हतं. नाशिकला हिवाळ्यात ही वांगी मिळतात. थंडीत एका रविवारी चार वांगी सुरीनं टोचून सरळ निखाऱ्यांवर ठेवली, जाळीवर नव्हे. टोचायला विसरू नका, आत वाफ कोंडली की वांगं फुटतं. साल काळी होऊन सुटायला लागली की जाळीवर, रिकाम्या बाजूला, आणि दहा मिनिटं झाकण. या दहा मिनिटांत गर देठापर्यंत शिजतो आणि धूर आत मुरतो. मग साल काढून लाकडी भांड्यात ठेचायचं. तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, वर कांद्याची पात आणि कोथिंबीर, सोबत कळण्याची भाकरी. जानेवारीत बाबा आले होते. त्यांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "काड्या कुठून आणल्या गं?" माझ्यासाठी या खरेदीचं चीज त्या दिवशी झालं.

चिकनसाठी मी टोचून बघायचा थर्मामीटर घेतला आणि तो नसता तर आज हा अभिप्राय वेगळा असता. झाकणावरचा काटा घुमटाखालच्या हवेचं तापमान दाखवतो, तुकड्याच्या आतलं नव्हे. हाडाला न लागता मांसाच्या मध्यात सुई घालायची आणि 74 अंश दिसले की उतरवायचं. अख्ख्या कोंबडीला सव्वा तास लागतो, टांगड्यांना चाळीस मिनिटं. बांगडा जाळीला चिकटायचा. जाळी कडक तापवून, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि सळयांवर घासायचा, मग मासा ठेवायचा, आणि तो आपणहून सुटेपर्यंत हात लावायचा नाही. केळीच्या पानात गुंडाळलेला बांगडा तर कोणालाही जमेल.

सासूबाई मांसाहार करत नाहीत. पहिल्या आठवड्यात त्या लांबूनच बघत होत्या. मी दुसरी जाळी, दुसरा चिमटा घेतला आणि त्यांचं आधी भाजायचं, निखारे नवे असताना, असा नेम केला. तेव्हापासून त्या शेगडीजवळ खुर्ची घेऊन बसतात. त्या तिला शेगडीच म्हणतात. सध्या त्यांचा चातुर्मास आहे, म्हणजे कांदा, लसूण, वांगं बंद. मग कणसं आणि रताळी. रताळी सालासकट रिकाम्या बाजूला पाऊण तास झाकून ठेवली की साखरेचा रस सालीतून पाझरतो आणि तिथेच चिकट होतो. "उकडू नकोस हं यापुढे," असं त्यांनी मागच्या सोमवारी मला सांगितलं.

आता तक्रारी. तीन पायांपैकी एक दोन महिन्यांत सैल झाला. कळवल्यावर कंपनीकडून नवीन पाय यायला पाच आठवडे लागले, आणि तीनदा फोटो पाठवावे लागले. चाकं लहान आहेत, गच्चीच्या फरशीच्या सांध्यात अडकतात. झाकणाच्या मुठीचे स्क्रू जुलैमध्येच गंजले. एवढ्या किमतीत स्टेनलेसचे स्क्रू द्यायला हवे होते. सोबत आलेलं कव्हर पहिल्या मोठ्या पावसात गळलं, मी ताडपत्रीचं शिवून घेतलं.

एक चूक माझी, आणि ती तुम्ही टाळा. जूनमध्ये आठवडाभर राख आतच राहिली, तिच्यावर पाणी उतरलं. राखेचं पाणी अल्कधर्मी असतं, म्हणून तर पूर्वी राखेनं भांडी निघायची. ॲल्युमिनियमला ते खातं. खालच्या राखेच्या ताटलीवर पांढरे डाग पडून खड्डे झाले. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी सकाळी राख काढतेच, पाऊस असो नसो. पण त्याच रात्री काढायची नाही, कारण राखेखाली निखारा कित्येक तास जिवंत राहतो. झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत राख कधीच नको. कोळसाही पावसाळ्यात ओल धरतो, मग तडतडतो आणि धुमसतो. घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा. जाळी घासायला तारेचा ब्रश वापरत होते, त्याची तार तुटून खाण्यात जाऊ शकते म्हणून टाकून दिला. जाळी गरम असतानाच चिमट्यात ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा धरून घासते.

बंद बाल्कनीत, काचा लावलेल्या गॅलरीत हा बार्बेक्यू वापरू नका. पाऊस आला म्हणून जिन्यात ओढू नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो, त्याला वास नाही, आणि त्यानं माणसं झोपेत दगावतात. तुमच्याकडे उघडी गच्ची किंवा अंगण नसेल तर विजेवरचा ग्रिल घ्या, हे मी कळकळीनं सांगते. शेजारच्या काकांना धुराचा त्रास होत होता. त्यांच्याशी बोलून शेगडी दुसऱ्या कोपऱ्यात नेली, आणि पेटवण्याआधी त्यांना फोन करते.

वेळेचाही विचार करा. पेटवण्यापासून ताटात येईपर्यंत दीड तास धरा. कामावरून आल्यावर रोज होणारं हे काम नाही. ज्यांना विस्तवाजवळ बसायला आवडतं आणि ज्यांच्याकडे उघडी जागा आहे, त्यांनी जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, दोन झडपांचा घ्यावा. बाकीचे दिवे, कप्पे, हुक याला पैसे देऊ नयेत.

श्रावण संपला की अख्खा पापलेट करून बघायचा आहे. कोळशाचं पिंप तोवर भरून ठेवलं आहे.