जॅझसाठी नेक पिकअप बदलला: सेथ लव्हर वापरून पाहिल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या सेमी-हॉलो (अर्ध्या पोकळ) गिटारला नेकच्या, म्हणजे मानेकडच्या, जागी सिमोर डंकन कंपनीचा सेथ लव्हर, म्हणजे एसएच-५५, हा पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बसवून घेतला. आता ऊन तापायला लागलंय. नाशिकचे तिन्ही ऋतू काढून झाले, त्यामुळे ठामपणे लिहितोय. जॅझचा ऊबदार टोन हवा असेल तर कमी आउटपुटचा, अल्निको २ (अल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचा एक प्रकार) चुंबकाचा हंबकर, म्हणजे घरघर दाबणारा दोन कॉइलचा पिकअप, बघा. आणि टोनला ऊब आणायची म्हणजे ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण सूर) मारून टाकायचा, हा समज आधी डोक्यातून काढा.

गिटारसोबत आलेले पिकअप सिरॅमिक चुंबकाचे होते. जॅकला केबल लावली, व्हॉल्यूम पूर्ण उघडला आणि मल्टिमीटर धरला, तर नेकच्या रेझिस्टन्सचा आकडा १३ किलोओहमच्या पुढे. नुसत्या आकड्यावरून टोन कळत नाही, कॉइलच्या तारेची जाडी बदलली तरी तो बदलतो. पण सिरॅमिक चुंबक आणि एवढा आकडा एकत्र दिसला की पिकअप कशासाठी बनवलाय ते समजतं. डिस्टॉर्शनला, म्हणजे रॉकच्या फाटक्या आवाजाला, तो चांगलाच होता. क्लीनवर (डिस्टॉर्शनशिवाय) मेजर सेव्हन्थ हा कॉर्ड वाजवला की चार सुरांचा एकच गोळा बाहेर यायचा, आणि टोनचा नॉब खाली घेतला की उरलासुरला आकारही जायचा.

मला हे जास्त टोचायचं ते भावगीतांच्या साथीला. गंगापूर रोडला आमचा छोटा ग्रुप बसतो. त्यात हार्मोनियमने मधली जागा भरलेली असते, खाली डग्ग्याचा घुमारा, वर गायिकेचा आवाज. गढूळ गिटार त्यात पार बुडते. ट्रेबल वाढवून वर काढावी तर ती गाण्याच्या शब्दांवर चढते. मला हवा होता मऊ सुरुवातीचा, पण प्रत्येक सूर सुटा ठेवणारा आवाज. जो पिकअप मेजर सेव्हन्थ नीट उलगडून दाखवतो, तोच इथेही टिकतो.

पर्याय बरेच ऐकले. डंकनचाच एसएच-२ जॅझ बरेच जण सुचवतात. तो अल्निको ५ चा आहे, स्वच्छ, खालून घट्ट, वरून चकचकीत. सॉलिड बॉडीवर (भरीव गिटारवर) फ्यूजन, म्हणजे जॅझ-रॉक मिश्रण, वाजवणाऱ्याला तो नक्की आवडेल, माझ्या कामाला जरा उजळ वाटला. गिब्सनचा ५७ क्लासिक अल्निको २ चा आणि मेण भरलेला, त्यामुळे मोठ्या आवाजाला निर्धास्त. त्याच्यावर माझं मन बराच वेळ अडकलं होतं. पी-९० या गिब्सनच्या जुन्या पिकअपचा मोहही मोठा. गिब्सनची ईएस-१७५ ही गिटार १९४९ साली आली तेव्हा तिच्यावर पी-९० च होता, हंबकर १९५७ पासून आले. जॅझ गिटारवादक जिम हॉलचा तो कोरडा, जवळून बोलल्यासारखा आवाज पी-९० चाच. पण तो सिंगल कॉइल आहे, म्हणजे विजेची घरघर पकडतो. आमच्याकडे लाइट गेली की सगळं इन्व्हर्टरवर, आणि जुन्या घरांतल्या अर्थिंगबद्दल न बोललेलं बरं. हळू वाजवताना मागे चालू राहणारी घरघर मला सहन होत नाही.

सेथ लव्हर हे गिब्सनचे इंजिनिअर होते. हंबकरच्या पेटंटसाठी त्यांनी १९५५ साली अर्ज केला आणि ते १९५९ साली मिळालं. मधल्या काळातल्या पिकअपवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ची चिठ्ठी असायची, म्हणून त्यांना पीएएफ म्हणतात. पुढे डंकनने त्यांनाच सोबत घेऊन त्या जुन्या पद्धतीने हा पिकअप केला: अल्निको २, नेकचा रेझिस्टन्स ७.२ किलोओहमच्या आसपास, निकेल सिल्व्हरचं झाकण, आत मेण नाही. झाकणाचा धातूही महत्त्वाचा असतो. पितळी झाकण वरचे सूर खातं, निकेल सिल्व्हर त्या मानाने फार कमी.

बसवण्याचं काम पंचवटीतल्या एका काकांनी केलं. ते एरवी अँप्लिफायर दुरुस्त करतात. सेमी-हॉलोला सहसा मागून झाकण नसतं, सगळं वायरिंग एफ-होलमधूनच (वरच्या f आकाराच्या भोकातूनच) बाहेर काढायचं आणि तिथूनच परत आत सोडायचं. काकांनी प्रत्येक पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या भागाच्या) दांड्यावर फिशटँकची बारीक प्लॅस्टिक नळी चढवली आणि मगच पॉट आत ढकलले. परत घालताना त्याच नळ्या ओढल्या की दांडा आपोआप भोकात येतो. या पिकअपची वायर जाळीची आहे, बाहेरची जाळी म्हणजेच ग्राउंड. ती आत कुठे पॉटच्या पायाला टेकली तर आवाज बंद, म्हणून तिच्यावर त्यांनी स्लीव्ह चढवून घेतली. पॉट ५०० किलोओहमचेच ठेवले. टोनचा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा, आणि तो व्हॉल्यूमच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला जोडला, म्हणजे जुन्या ५० च्या दशकातल्या पद्धतीने. त्यामुळे व्हॉल्यूम ६-७ वर आणला तरी आवाजावर चादर पडत नाही.

आता आवाज. पिकच्या टोकाचा खट्ट असा आघात गोल झालाय, पण त्यामागचा सूर स्पष्ट उभा राहतो. अंगठ्याने वाजवलं तर आणखी छान. टोन पूर्वी पार बंद करायचो, आता ५-६ वर असतो. कॉर्डमधला आतला एखादा सूर अर्ध्या स्वराने सरकवला तर तो सरकलेला ऐकू येतो, माझ्यासाठी पैसे इथेच वसूल झाले. तारा फ्लॅटवूंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) १२ गेजच्या, तिसरी तार गुंडाळलेली. साध्या तिसऱ्या तारेवर ‘जी’ (G) हा सूर बाकीच्यांपेक्षा मोठा उडी मारून येतो, ते इथे होत नाही.

पिकअपच्या उंचीसाठी मात्र वेळ काढा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली ३ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर, इथून सुरुवात करा. पावसात आणि डिसेंबरच्या कोरड्या थंडीत नेक थोडा हलतो, अंतर बदलतं आणि जाड तारा घुमायला लागतात. स्क्रू अर्धा फेरा खाली नेला की काम होतं.

मेण नसल्याने हा पिकअप मायक्रोफोनसारखा जरा जागा असतो. झाकणावर नखाने टकटक केली तर स्पीकरमधून ऐकू येते. बैठकीत, छोट्या कॅफेत याचा काही त्रास नाही, उलट गिटारच्या लाकडाचा पोकळ आवाज त्यातूनच येतो असं मला वाटतं. पण ड्रम्ससोबत, मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) समोर असताना शिट्टी मारतो. बँड मोठ्याने वाजवणारा असेल तर मेण भरलेला ५७ क्लासिक घ्या, उगीच भांडत बसू नका.

आयात शुल्क धरून किंमत पाच आकडी जाते, म्हणून आधी स्वस्तातले उपाय करून बघा. फ्लॅटवूंड तारा लावा. ३ मीटरऐवजी ६ मीटरची केबल लावून ऐका, केबलच्या कपॅसिटन्सने वरचं टोक थोडं खाली येतं. पिकअप निम्मा फेरा खाली घ्या. एवढं करूनही कॉर्डचा गोळाच होत असेल तर पिकअप बदला, आणि फक्त नेकचा बदला. ब्रिजचा (तारा जिथे अडकवतात त्या टोकाकडचा) मूळचा सिरॅमिक पिकअप मी तसाच ठेवलाय, रॉक वाजवायला तो अजूनही मस्त आहे.