मजकुराचं कोडिंग: भाड्याचं मॉडेल की घरचं?

मुलाखती, सर्वेक्षणातली खुली उत्तरं, जुनी कागदपत्रं, शोधनिबंधांचे सारांश. हजारोंच्या घरातला असा मजकूर भाषिक मॉडेलकडून वर्गांत टाकून घेणं, म्हणजे प्रत्येक उताऱ्याला ठरलेल्या वर्गाचं लेबल किंवा ‘कोड’ लावून घेणं, समाजशास्त्रापासून सार्वजनिक आरोग्यापर्यंत आता रोजचं झालंय. घोडं अडतं ते मॉडेल कुठलं घ्यायचं यावर. एक तर कंपनीच्या सर्व्हरवरचं, एपीआयमधून (आपला प्रोग्रॅम थेट कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो त्या जोडणीतून) वापरायचं. नाहीतर वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे, म्हणजे मॉडेलच) उतरवून घेता येतात असं खुलं मॉडेल, आपल्याच मशीनवर. सोयीसाठी पहिल्याला भाड्याचं म्हणू, दुसऱ्याला घरचं. चॅटच्या खिडकीत उतारे चिकटवत बसणं मी पर्याय म्हणून धरतच नाही; कुठल्या सेटिंगवर काय निघालं याची नोंद तिथे राहत नाही.

समज कुणाची जास्त, यात भाड्याचं उजवं. उपरोध, अर्धवट सोडलेली वाक्यं, मधेच बदलणारी भाषा यांवर 7-8 अब्ज पॅरामीटरची (म्हणजे तेवढ्या वेट्सची, आकाराने लहान) घरची मॉडेलं घसरतात. पण संशोधनात बहुतेक वेळा पाच-सहा कोड आणि त्यांच्या व्याख्या एवढाच मामला असतो. प्रत्येक व्याख्येखाली बसणारं एक उदाहरण आणि वरवर बसतंय असं वाटणारं पण न बसणारं एक उदाहरण दिलं, की हे अंतर बरंच कमी होतं. न बसणारं उदाहरण लोक गाळतात आणि खापर मॉडेलवर फोडतात.

भाड्याच्या मॉडेलचं मला खुपतं ते एकच, आणि माझ्यापुरता निकाल त्यावरच लागला: नाव तेच राहतं, आतलं मॉडेल बदलतं. समजा 1,200 उताऱ्यांपैकी 700 जानेवारीत झाले, उरलेले मार्चमध्ये. दुसऱ्या टप्प्यात ‘नाराजी’चं प्रमाण चढलेलं दिसतं. माणसं नाराज झाली की मॉडेलला नाराजी जास्त दिसायला लागली? हे मागाहून सांगता येत नाही. ही नुसती भीती नाही. ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-4 या मॉडेलच्या मार्च आणि जून 2023 च्या आवृत्त्यांना तेच प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा काही कामांत उत्तरं ठळकपणे वेगळी आली होती.

तारीख जोडलेली गोठवलेली आवृत्ती मागता येते, मागावीच. पण तीही एक दिवस निवृत्त होते. मार्च 2023 मध्ये ओपनएआयने कोडेक्स हे आपलं प्रोग्रॅम लिहिणारं मॉडेल बंद करत असल्याचं जेमतेम तीन दिवस आधी कळवलं. त्यावर बेतलेले शोधनिबंध डझनांनी होते. आरडाओरडा झाल्यावर संशोधकांपुरती सोय चालू ठेवली गेली, पण धडा मिळायचा तो मिळाला. नियतकालिकाचा परीक्षक सहा-आठ महिन्यांनी ‘ही व्याख्या बदलून पुन्हा कोड करा’ म्हणतो, तेव्हा ते मॉडेल जागेवर असेलच याची हमी कोण देणार? शिवाय टेम्परेचर (उत्तरात किती यादृच्छिकता चालेल ते ठरवणारं सेटिंग) शून्य ठेवलं तरी सर्व्हरवर आपली विनंती इतरांच्या विनंत्यांबरोबर एकत्र चालते, आणि दशांशातल्या बारीक फरकांमुळे एखादं उत्तर पलटू शकतं.

घरच्या मॉडेलची फाईल मात्र आहे तिथेच असते. तिचा एसएचए-256 ठसा (फाईलमधून गणिताने काढलेली ओळखखूण), चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, ग्राफिक्स कार्डाचं नाव आणि प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेली सूचना) एवढं पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं की पाच वर्षांनीही कुणी पडताळू शकेल. कार्ड बदललं तर मोजकी उत्तरं हलू शकतात, ते मान्य.

तरी घरचं म्हणजे सुखाचं असं नाही. 7 अब्जांचं मॉडेल, प्रत्येक वेट 4 बिटांत दाबून, साधारण 4-5 जीबी भरतं आणि 8 जीबीच्या कार्डावर चालतं. 70 अब्जांच्या मॉडेलला 40 जीबीच्या आसपास लागतात. खरी खोड संदर्भ-मर्यादेत, म्हणजे मॉडेल एका वेळी किती मजकूर वाचू शकतं यात आहे. घरची मॉडेलं चालवणाऱ्या ओलामासारख्या साधनात बराच काळ आपण काही बदललं नाही तर लागू होणारी मर्यादा 2048 टोकनांची (मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे पाडतं त्यांची) होती. अनेक मॉडेलांत एका मराठी शब्दाचे तीन-चार टोकन सहज पडतात, म्हणजे पाच ते सातशे शब्दांत खेळ खलास. तासाभराच्या मुलाखतीचा बहुतेक भाग मॉडेलपर्यंत पोचतच नाही, पण उत्तर येतं छातीठोक. त्रुटीचा संदेश नाही, काही नाही. तपास सोपा आहे: उताऱ्याच्या आरंभी एक विसंगत वाक्य खोचायचं, दुसरं शेवटी, आणि दोन्हींबद्दल विचारायचं. मर्यादा वाढवली की मेमरीही जास्त लागते. त्यापेक्षा प्रश्न आणि त्याचं उत्तर असे तुकडे पाडलेले बरे.

संमतीचं काय? ‘ध्वनिमुद्रण फक्त संशोधन गट ऐकेल’ असं संमतिपत्रात लिहिलं असेल, तर मजकूर परक्या सर्व्हरवर धाडणं हा त्या शब्दाचा भंग आहे. कंपनी त्यावर प्रशिक्षण करत नाही म्हणाली तरीही. नावं गाळून पाठवू म्हणाल, तर ‘तिने आशा सोडली’ आणि ‘आशाने नोकरी सोडली’ यांत यंत्र हमखास गोंधळतं. नावं गेली तरी पद, आजार आणि मुलांची संख्या एकत्र आली की माणूस ओळखू येतो. ध्वनिमुद्रणाचं शब्दांकनही यातच आलं. व्हिस्पर हे बोलणं लिहून काढणारं मॉडेल घरच्या मशीनवर चालतं, फक्त लांब शांततेत ते कधीकधी न बोललेली वाक्यं घालतं. तेवढ्या जागा कानाने ऐकाव्यात.

पक्षपाताच्या बाबतीत दोघं सारखेच. 2019 मध्ये अमेरिकेतल्या एका आरोग्य-अल्गोरिदमची चूक उघड झाली. आजाराची तीव्रता मोजायला त्याने खर्च हे माप धरलं होतं, आणि कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळात कमी खर्च होत असल्याने ते प्रत्यक्षापेक्षा निरोगी ठरत होते. असं मापच चुकलं तर कुठलंही मॉडेल वाचवत नाही. निदान 300 उतारे दोन माणसांनी स्वतंत्रपणे कोड करावेत आणि आधी माणसा-माणसांतला कप्पा (दोन कोडिंगांत किती जुळतं याचं माप; 1 म्हणजे पूर्ण सहमती) काढावा. तोच 0.5 असेल तर दोष व्याख्येचा. मग 100 उतारे प्रॉम्प्ट घासायला, 200 शेवटच्या चाचणीपर्यंत मोहोरबंद. एकाच व्यक्तीचे उतारे दोन्हीकडे नकोत, नाहीतर चाचणीतली माहिती आधीच तयारीत गळते. अशा गळतीने 17 विद्याशाखांतले 294 शोधनिबंध बाधित झाल्याचं कपूर आणि नारायणन या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं. मोहोरबंद उताऱ्यांवरचा कप्पा गटवार काढावा, नाहीतर एका गटावर मॉडेल जास्त चुकतंय हे सरासरीत बुडून जातं.

आता निवड. छापून आलेले सारांश चाळायचे असतील, किंवा गोपनीयतेचा प्रश्न नसलेले जुने हस्तलिखित कागद वाचायचे असतील, तर भाड्याचं खुशाल घ्या, वेळ वाचतो. जिवंत माणसांचं बोलणं असेल, किंवा काम सहा महिन्यांहून लांबणार असेल, तर मला घरचंच बरं वाटतं, भले कप्पा दोन-तीन शतांशांनी कमी येवो. मधला मार्गही आहे: व्याख्या पक्क्या करायला सार्वजनिक मजकुरावर भाड्याचं, प्रत्यक्ष मुलाखतींवर घरचं.

आणि तरीही सगळं भाड्याच्यावरच करायचं ठरलं, तर 30 ठरावीक उतारे बाजूला काढा, दर सोमवारी तेच पाठवा, मूळ उत्तरं तारखेसकट साठवा. एखाद-दुसरं उत्तर इकडेतिकडे होणारच. पण एका सोमवारी चार-पाच पलटले, तर त्या आठवड्याचं कोडिंग तिथेच थांबवा.