गड्ड्यातली ममी: थडगं झकास, कापड चुकलं

यंदा सोलापूरच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर, पाळण्यांच्या मागं इजिप्तच्या फॅरोंचा, म्हणजे तिथल्या प्राचीन राजांचा तंबू लागलाय. तिकीट ६० रुपये, आत अर्धा तास जातो.

पहिला भाग तुतानखामेन या फॅरोच्या थडग्याचा, आणि तो मन लावून केलाय. मूळ थडग्यात दालनं चार, पण चित्रं फक्त दफनाच्या दालनात. इथंही बाकीच्या भिंती कोऱ्याच ठेवल्यात. पश्चिमेच्या भिंतीवरची माकडं मोजा, बरोबर १२ भरतात. भिंतींवरचे तपकिरी ठिपके म्हणजे रंगकाम बिघडलेलं नाही. ते मूळ भिंतींवरही आहेत. ती सूक्ष्मजीवांची करामत. रंग वाळायच्या आत दार लिंपलं असावं, असं मानतात. दफनाच्या दालनाची जमीन मूळ थडग्यासारखीच खाली घेतलीय आणि तिथं उजेड कमी आहे, तेव्हा म्हाताऱ्या माणसांचा हात धरा. एकात एक तीन शवपेट्या फायबरच्या आहेत. मूळ थडग्यातली सगळ्यात आतली पेटी भरीव सोन्याची, सुमारे ११० किलोची.

घोळ पुढच्या भागात आहे. तिथं मढं वाळवून, गुंडाळून त्याची ममी कशी करत ते दाखवलंय. पुतळा मिठाच्या पाण्यात बुडवलाय आणि पाटी म्हणते, '७० दिवस'. मुळात ७० दिवस सगळ्या विधीचे; त्यातले सुमारे ४० वाळवण्याचे, तेही कोरड्या नॅट्रॉनमध्ये. नॅट्रॉन म्हणजे धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि मीठ यांचं निसर्गात मिळणारं मिश्रण. ते अंगातलं पाणी ओढून घेतं. पाण्यातच ठेवलं तर वाळणार काय? मढ्यातून काढलेली आतडी वगैरे ठेवायच्या बरण्यांच्या झाकणांवर कोल्हा, ससाणा बसवलेत. तुतानखामेनच्या अशा बरण्यांच्या पेटीत चारही झाकणांवर राजाचाच चेहरा आहे.

कापडाचा घोटाळा मात्र सोलापूरकराच्या नजरेतून सुटायचा नाही. पुतळ्याला दवाखान्यातली विरळ सुती जाळी गुंडाळलीय, खांद्यावर आत्ताच घसरलीय. खरं कापड लिननचं, म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचं. बऱ्याचदा घरातल्या जुन्या चादरी फाडून पट्ट्या काढत, म्हणून कडेचे दोरे सुटलेले दिसतात. आधी एकेक बोट, मग हातपाय, मग सगळं अंग. मधे मधे राळ ओतायची. राळेनं थर चिकटतात, पुढं काळपट आणि कडक होतात. इथं दोन्ही पाय एकत्रच गुंडाळलेत आणि हात सरळ सोडलेत. त्या काळातल्या राजांचे हात बहुधा पुढं दुमडलेले असत.

स्पीकरवरचा बाबा तुतानखामेनला पिरॅमिडमध्ये पुरतो. गिझाचे पिरॅमिड त्याच्या हजाराहून जास्त वर्षं आधीचे. त्याचं थडगं लक्झरजवळच्या राजांच्या खोऱ्यात, १९२२ साली हॉवर्ड कार्टर या इंग्रज उत्खननकर्त्याला सापडलेलं.

पहिल्या भागासाठी ६० रुपये वसूल होतात. दुपारी जा, संध्याकाळी ढकलाढकलीत माकडं मोजता येत नाहीत. खरी ममी बघायचीय? सुमारे ३०० किलोमीटरवर हैदराबादला पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयात काचेच्या बंद पेटीत आहे. तिथं आधी कापडाकडे बघा.