पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून थर्माकोल: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

इंदिरानगरमधले आमचे घर नऊ इंची विटांचे, बैठे आणि तीस वर्षांहून जुने आहे. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीला मे महिन्यात दुपारभर ऊन आणि जूननंतर वाऱ्यासोबत येणारा पाऊस असे दोन्ही मार बसतात. रात्री आठला नाशिकची हवा सुखद झालेली असली, तरी ही भिंत आतून दहा-अकरापर्यंत हाताला कोमट लागत असे. म्हणून दुरुस्ती काढली तेव्हा या भिंतीला बाहेरून ५० मिलिमीटर जाडीच्या थर्माकोलचे अस्तर दिले. काम फेब्रुवारीत संपले. त्याला आता आठ महिने होत आले.

बाहेरूनच का, याचे उत्तर आमच्या आधीच्या चुकीत आहे. पाच वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या सल्ल्याने याच भिंतीला खोलीच्या आतून थर्माकोल लावून वर जिप्सम बोर्ड आणि व्हिनाइलचा वॉलपेपर बसवला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात कपाटामागून कुबट वास येऊ लागला, आणि बोर्ड उचकटला तेव्हा त्याची पाठ बुरशीने काळी पडलेली होती. पावसाने भिजलेली वीट बाहेरून तापली की तिच्यातला ओलावा आत सरकतो. तिथे वाट बंद असेल तर तो साचतो, आणि ए.सी.मुळे थंड झालेल्या थरावर त्याचे पाणी होते.

या वेळच्या मिस्त्रींनी अस्तराची घाई केली नाही, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. दिवाळीनंतर गिलावा जिथे पोकळ वाजला तिथे काढला, जोत्यालगतचा लोणा (ओलीमुळे भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) तारेच्या ब्रशने खरवडला, गच्चीच्या कठड्यावरच्या भेगा बुजवल्या आणि मग भिंत सव्वा महिना उघडीच ठेवली. ओल तपासायला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी मारून दोन दिवस भिंतीवर ठेवत असू. बाथरूमच्या मागच्या भागात प्लास्टिकच्या आतल्या बाजूने थेंब धरले. खोदून पाहिले, तर नळाच्या पाइपचा सांधा झिरपत होता. तो तसाच झाकला गेला असता, तर आज हा अनुभव वेगळ्या सुरात लिहावा लागला असता.

त्यानंतर सिमेंटी मसाल्याने थर्माकोल चिकटवून प्लास्टिकच्या खुंट्या ठोकल्या, त्यावर फायबरग्लासची जाळी दाबून पातळ गिलावा केला आणि वाफ अडवणार नाही असा सिलिकॉनयुक्त रंग दिला. थर्माकोल आगीला लवकर बळी पडतो, म्हणून ज्वालारोधक प्रकार घेतला. जमिनीपासून फूटभर भाग शिंतोडे आणि वाळवीच्या धास्तीने मोकळा सोडला. भिंतीला आतल्या बाजूने वाळता यावे यासाठी आतला ऑइल पेंट खरवडून चुना दिला. पाहुण्यांना तो जुनाट वाटतो, पण मी तो बदलणार नाही.

मे महिन्यात फरक स्पष्ट जाणवला: संध्याकाळी सातला भिंतीला हात लावला तर ती आतल्या हवेइतकीच लागत होती आणि ए.सी. बहुतेक रात्री दहानंतर बंद करता आला. ज्यांना खोली एकदम थंडगार होईल असे वाटते, त्यांची मात्र निराशा होईल, कारण बैठ्या घरात स्लॅबमधून येणारी उष्णता भिंतीच्या अस्तराने थांबत नाही. हाती पैसे मर्यादित असतील तर आधी गच्चीचे काम करावे, असे मी आता म्हणेन.

पावसाळा मात्र निर्दोष गेला नाही. जुलैत खिडकीखाली तळहाताएवढा ओला डाग उमटला. अस्तरामुळे भिंतीची जाडी वाढली होती, पण खिडकीखालची फरशी तेवढी पुढे काढलेली नव्हती, त्यामुळे पाणी तिच्या कडेवरून थेट अस्तराच्या सांध्यात उतरत होते. या वेळच्या ठेकेदाराने आधी ते मान्य केले नाही. खिडकीवर बादलीभर पाणी ओतून दाखवल्यावर केले. आता फरशी दोन इंच बाहेर काढून तिच्या खालच्या बाजूला खाच पाडली आहे, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता खाली ठिबकते. त्या डागाच्या जागी प्लास्टिकचा तुकडा पुन्हा लावला आहे. थेंब धरणे थांबेपर्यंत तिथे चुना देणार नाही, मग दिवाळी आली तरी चालेल.